कागदी पिशवीचे यंत्र घडवणारी मार्गारेट नाइट



कर्नाटकात २०१६ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि बेकरीत, औषधांच्या दुकानात, मिठाईवाल्याकडे तपकिरी कागदाच्या पिशव्या पुन्हा दिसू लागल्या. यातली एखादी पिशवी हातात घेऊन तिच्या तळाकडे नीट पाहा. तळ सपाट आणि चौकोनी असतो. त्यामुळे पिशवी टेबलावर आपली आपण उभी राहते, दोन्ही हातांनी तिच्यात सामान भरता येते आणि सामानाचे वजन एका कोपऱ्यात न जाता सगळ्या तळावर पसरते. अशी पिशवी हाताने करणे सोपे आहे. पण ती यंत्राने, एकामागून एक, न थांबता कशी करायची हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कारखानदारांना पडला होता. तो सोडवला मार्गारेट नाइट या कामगार स्त्रीने. तिने कोणत्याही कॉलेजात शिक्षण घेतले नव्हते. तिची कार्यशाळा लहानपणी तिच्या घरातच सुरू झाली होती. या अंकात तिची ओळख करून घेऊ.

बाहुली नको, गिरमिट हवे

मार्गारेटचा जन्म १४ फेब्रुवारी १८३८ रोजी अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यातल्या यॉर्क या गावी झाला. घरचे तिला मॅटी म्हणत. ती लहान असतानाच वडील वारले आणि संसाराचा भार आईवर आला. पुढे हे कुटुंब न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मँचेस्टर या गिरणी-गावात आले. इंग्लंडमधल्या प्रसिद्ध मँचेस्टरवरूनच या गावाचे नाव पडले होते. मेरिमॅक नदीच्या पाण्याच्या जोरावर तिथे सूतगिरण्या चालत. गिरणीत बायकांना आणि मुलांना काम मिळे, म्हणून गरीब घरातली माणसे तिकडे जात.

मॅटी इतर मुलींसारखी बाहुल्यांत रमणारी नव्हती. मोठेपणी तिने आपल्या बालपणाविषयी लिहिले, तेव्हा हे मोकळेपणाने सांगितले. तिला हवा असे एक चाकू, एक गिरमिट आणि लाकडाचे थोडे तुकडे. एवढे मिळाले की तिचा दिवस मजेत जाई. मैत्रिणींना हे विचित्र वाटे. ती त्यांच्याहून वेगळी आहे असे त्या बोलून दाखवत. तिला त्याचे वाईट वाटे, पण तिने हाताचे काम सोडले नाही. भावांना काही हवे असले की ते तिच्याकडेच येत. तिने केलेले पतंग गावात गाजत आणि बर्फावरून घसरत जायच्या तिच्या लाकडी घसरगाड्या पाहून इतर मुलांना हेवा वाटे.

पतंग आणि घसरगाडी ही खेळणी आहेत, पण त्यांत शिकण्यासारखे पुष्कळ असते. पतंगाची कामटी एका बाजूला जड झाली तर पतंग गिरक्या घेतो. मग ती तासून दोन्ही बाजू सारख्या कराव्या लागतात. घसरगाडीच्या खालच्या पट्ट्या एकमेकींना समांतर नसल्या तर गाडी वाकडी जाते. हे पुस्तकात न वाचताही मॅटीच्या हातांना कळू लागले होते. वस्तू बिघडली तर ती का बिघडली हे शोधायचे, थोडा बदल करायचा आणि पुन्हा करून पाहायचे, ही सवय तिला बालवयात लागली. इंजिनिअरिंगचे पहिले पाऊल हेच असते.

गिरणीतला अपघात

शाळा थोडीच झाली. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास मॅटी सूतगिरणीत कामाला लागली होती. त्या काळी तिकडे हे सर्रास चाले. पहाटे गिरणीत जायचे आणि दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात उभे राहायचे.

आपल्या वडगाव, खासबाग भागातल्या ज्या मुलांच्या घरी माग आहे, त्यांना धोटा म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. कापडात उभे धागे ताणून बसवलेले असतात. त्यांच्या मधून आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारी, होडीच्या आकाराची लाकडी वस्तू म्हणजे धोटा. यंत्रमागावर तो फार वेगाने धावतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असतात. धागा तुटला किंवा अडकला तर धोटा कधी कधी मागातून उडतो आणि जवळच्या माणसाला लागतो.

मॅटीच्या गिरणीत असाच एक अपघात झाला. मागातून उडालेला धोटा लागून एक कामगार जखमी झाला आणि ते तिने पाहिले. तिथे काम करणाऱ्या कितीतरी मोठ्या माणसांनी असे अपघात पूर्वी पाहिले असतील. गिरणी म्हटली की असे व्हायचेच, असे समजून ती पुन्हा कामाला लागत. बारा वर्षांची मॅटी मात्र हे टाळता येईल का याचा विचार करू लागली. तिने मागासाठी सुरक्षेची एक युक्ती शोधली आणि ती गिरणीत वापरली गेली. त्या युक्तीचे पेटंट, म्हणजे शोधाचा कायदेशीर मालकी हक्क, तिने घेतले नाही. पेटंट हा शब्दही त्या वयात तिला ठाऊक नसेल. त्या युक्तीतून तिला पैसाही मिळाला नाही.

पुढे काही वर्षांत प्रकृतीमुळे तिला गिरणीचे काम सोडावे लागले. मग पोटासाठी तिने मिळेल ते काम केले. घरांची दुरुस्ती केली, खुर्च्या-कोचांना गाद्या-कापड बसवले, धातूवर कोरीवकाम केले आणि तेव्हा नव्यानेच आलेली फोटो काढण्याची कलाही शिकून घेतली. वरवर पाहता ही धरसोड वाटेल. पण प्रत्येक कामातून तिच्या हाताला नवे हत्यार आणि नवा पदार्थ यांची ओळख होत गेली. लाकूड, कापड, धातू, काच, रसायने हे सारे तिने हाताळले. पुढे यंत्र बनवताना ही पुंजी उपयोगी पडली.

सपाट तळाचे कोडे

१८६७ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, मार्गारेटबाई मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड शहरात कोलंबिया पेपर बॅग कंपनीत नोकरीला लागल्या. कागदी पिशव्या करणारे यंत्र तेव्हा नवीन नव्हते. पेनसिल्व्हेनियातल्या फ्रान्सिस वोल यांनी १८५२ साली तशा यंत्राचे पेटंट घेतले होते. पण यंत्रातून निघणाऱ्या पिशव्या पत्राच्या पाकिटासारख्या चपट्या असत. त्या उभ्या राहत नसत आणि त्यांत सामानही बेताचेच मावे. सपाट तळाच्या पिशव्या हाताने घड्या घालून कराव्या लागत. त्यामुळे त्या महाग पडत.

अशी पिशवी यंत्राने का होत नाही हे मार्गारेटबाई पाहू लागल्या. अडचण कोणती होती हे समजायचे असेल तर तुम्हीही घरी एक पिशवी करून पाहा. वर्तमानपत्राचे एक पान, थोडी गव्हाच्या पिठाची खळ आणि एक फूटपट्टी एवढेच साहित्य लागते.

पान आडवे पसरा. डावी आणि उजवी कड मध्यापर्यंत आणा. एक कड दुसरीवर बोटभर चढू द्या आणि तिथे खळ लावून चिकटवा. आता दोन्ही तोंडे उघडी असलेली एक चपटी नळी तयार होईल. तिची खालची बाजू सुमारे तीन इंच वर दुमडून घडी पक्की करा. या दुमडलेल्या भागात कागदाचे दोन थर असतात. वरचा थर बोटांनी उचलून खाली ओढा आणि दोन्ही बाजूंचे कोपरे दाबून बसवा. तिथे आपोआप दोन त्रिकोण तयार होतील आणि मध्ये पतंगासारखा पसरट आकार दिसेल. शेवटी खालची कड मध्यरेषेच्या थोडी पलीकडे जाईल अशी वर दुमडा. तशीच वरची कड खाली आणा आणि ती पहिलीवर खळ लावून चिकटवा. खळ वाळली की आत हात घालून पिशवी उघडा. ती उभी राहील.

आता विचार करा. नळी करणे, ती कापणे, चिकटवणे ही कामे यंत्राला सोपी आहेत, कारण ती एका सरळ रेषेत होतात. अवघड आहे ते वरचा थर उचलून मागे ओढण्याचे काम. आपली बोटे ते सहज करतात. पण यंत्राला बोटे नसतात. दोन थरांपैकी एकच धरायचा, तो अचूक ठिकाणी उघडायचा, घड्या ठरलेल्या क्रमाने घालायच्या, मध्येच खळ लावायची आणि हे सगळे कागद फाटू न देता पुन्हा पुन्हा करायचे! आधीची यंत्रे इथेच अडत होती.

मार्गारेटबाईंनी दिवसा नोकरी केली आणि उरलेल्या वेळात या कोड्यावर काम केले. आधी त्यांनी कागदाचे नमुने करून घड्यांचा क्रम पक्का केला. मग आकृत्या काढल्या. त्यानंतर, १८६८ सालापर्यंत, त्यांनी एक लाकडी यंत्र उभे केले. लहानपणी चाकू आणि गिरमिटाने घसरगाड्या करणाऱ्या हातांना लाकूड अनोळखी नव्हतेच. ते यंत्र दिसायला ओबडधोबड असले तरी चालत होते. कागद आत जाई, त्याची नळी होई, ती कापली जाई, मग धातूच्या पातळ पट्ट्या बोटांचे काम करून एकामागून एक घड्या घालत आणि सपाट तळाची पिशवी बाहेर येई.

लाकडापासून लोखंडापर्यंत

त्या काळी अमेरिकेत पेटंट मागताना अर्जासोबत शोधाची प्रतिकृती द्यावी लागे. हा नियम १८८० पर्यंत होता. लाकडी यंत्रावर कल्पना पटवता येते, पण रोज हजारो पिशव्या काढायच्या तर यंत्र लोखंडाचेच हवे. म्हणून मार्गारेटबाई आपले लाकडी यंत्र घेऊन बॉस्टनला गेल्या आणि तिथल्या यंत्रशाळेत लोखंडी यंत्र तयार करून घेऊ लागल्या.

बेळगावच्या मुलांना हे समजायला वेळ लागू नये. आपल्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत बिडाचा भाग ओतायचा असेल तर आधी त्याचा पॅटर्न करावा लागतो, आणि तो पुष्कळदा लाकडाचा असतो. पॅटर्न चुकला तर ओतलेला भागही चुकतो. मग लेथवर कितीही घासले तरी तो बसत नाही. म्हणून चांगल्या पॅटर्न करणाऱ्या कारागिराला कारखान्यात मान असतो. मार्गारेटबाई आपल्या यंत्राच्या स्वतःच कल्पक होत्या, स्वतःच आकृत्या काढणाऱ्या होत्या आणि पहिला लाकडी नमुना घडवणाऱ्या कारागीरही त्याच होत्या.

बॉस्टनला लोखंडी यंत्राचे काम चालू असताना चार्ल्स अ‍ॅनन नावाच्या माणसाने ते पाहिले. त्याने ते नीट लक्षात ठेवले आणि तसल्याच यंत्राचे पेटंट स्वतःच्या नावावर मिळवले. मार्गारेटबाई आपला अर्ज घेऊन गेल्या तेव्हा त्यांना कळले की त्यांच्या कष्टांवर आधीच दुसऱ्याचे नाव लागले आहे.

वहीने दिलेली साक्ष

अशा वेळी अनेकांनी नशिबाला दोष देऊन गप्प बसणे पसंत केले असते. मार्गारेटबाई कारखान्यात काम करणाऱ्या, एकट्या, बेताच्या मिळकतीच्या. अमेरिकेत तेव्हा स्त्रियांना देशपातळीवर मतदानाचा हक्कही नव्हता. तो १९२० साली मिळाला. यंत्रे हा पुरुषांचा प्रांत आहे असे समाजात बहुतेकांना वाटे. तरीही त्यांनी अ‍ॅननविरुद्ध दावा लावला.

त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात एक गोष्ट त्यांच्या बाजूची होती. अर्ज आधी कोणी केला याला तिथे महत्त्व नव्हते, शोध आधी कोणी लावला याला होते. म्हणजे मार्गारेटबाईंना एवढेच सिद्ध करायचे होते की यंत्राची कल्पना त्यांच्या मनात आधी आली आणि ती त्यांनी आधी प्रत्यक्षात आणली. आता मनात काय होते ते सिद्ध कसे करणार? इथे त्यांची जुनी सवय उपयोगी पडली. त्यांनी केलेले कागदाचे नमुने होते, आकृत्या होत्या, टिपणे होती, लाकडी यंत्र होते. त्यांना हे काम करताना पाहिलेली माणसे साक्षीला आली. बॉस्टनच्या यंत्रशाळेतल्या माणसांच्या साक्षी झाल्या. स्वतः मार्गारेटबाईंनी सांगितले की आठवते तेव्हापासून यंत्रांशी आपला या ना त्या प्रकारे संबंध आला आहे. लहानपणी पतंगाची कामटी तासणारी मॅटी जणू तिशी ओलांडलेल्या मार्गारेटबाईंच्या बाजूने उभी राहिली.

साक्षी सोळा दिवस चालल्या. वकिलाचा खर्च दिवसाला शंभर डॉलर आणि वर इतर खर्च वेगळा. कामगार बाईसाठी ही रक्कम फार मोठी होती. पण निकाल त्यांच्या बाजूने लागला. ११ जुलै १८७१ रोजी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्यांना पिशव्यांच्या यंत्राचे पेटंट मिळाले. त्याचा क्रमांक १,१६,८४२.

पेटंट घेणारी पहिली अमेरिकन स्त्री म्हणून कधी कधी मार्गारेट नाइट यांचे नाव घेतले जाते. ते बरोबर नाही. मेरी कीज या स्त्रीला त्यांच्या बासष्ट वर्षे आधी, १८०९ साली, गवताच्या काड्या रेशमी धाग्याबरोबर विणण्याच्या पद्धतीसाठी पेटंट मिळाले होते. मार्गारेटबाईंचे मोठेपण पहिले असण्यात शोधायची गरज नाही. आपल्या हाताने केलेल्या कामाचा हक्क त्यांनी पुराव्यानिशी मिळवला, हे पुरेसे मोठे आहे.

पुढची वाटचाल

एका उद्योजकाबरोबर त्यांनी कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरात ईस्टर्न पेपर बॅग कंपनी सुरू केली. यंत्राच्या वापराबद्दल त्यांना मोबदला मिळू लागला. नंतरही त्यांनी यंत्रात सुधारणा केल्या. सपाट तळाची पिशवी स्वस्त झाली आणि दुकानादुकानांत पोहोचली. आज वापरात असलेली पिशव्यांची यंत्रे कितीतरी पुढे गेली आहेत. पण कागदाची नळी करायची, तळ उघडायचा, घड्या घालून चिकटवायचा, हा मार्ग त्यांनी घालून दिलेल्या वाटेनेच जातो.

एका शोधावर त्या थांबल्या नाहीत. १८८० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी घरगुती वापराच्या वस्तूंकडे लक्ष दिले. कपड्यांना घामापासून वाचवणारे अस्तर, वस्त्र अडकवायची पकड, मांस भाजायची सळई यांची पेटंटे त्यांनी घेतली. १८९० नंतर चपलांचे-बुटांचे तळ कापणारी यंत्रे केली. १८९४ साली आकडे छापणारे यंत्र आणि खिडकीची सुधारित चौकट यांची पेटंटे मिळाली. विसावे शतक उजाडले आणि रस्त्यावर मोटारी आल्या, तेव्हा साठी ओलांडलेल्या मार्गारेटबाई इंजिनांच्या रचनेकडे वळल्या. फिरत्या इंजिनांवर त्या अखेरपर्यंत काम करत राहिल्या. आयुष्यात त्यांना वीसहून अधिक पेटंटे मिळाली. पेटंट न घेतलेल्या युक्त्या त्याहून कितीतरी जास्त होत्या.

मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम इथे १२ ऑक्टोबर १९१४ रोजी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मागे उरलेली मालमत्ता तीनशे डॉलरहूनही कमी किमतीची होती. अनेक शोधांचे हक्क त्यांनी वेळोवेळी विकून टाकले होते. त्यांचे यश पैशात मोजायला गेलो तर हाती फारसे काही लागत नाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात मात्र त्यांच्या पिशव्यांच्या यंत्राची प्रतिकृती जपून ठेवली आहे आणि २००६ साली अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे संशोधकांच्या राष्ट्रीय सन्मानयादीत, त्यांच्या नावाचा समावेश झाला.

त्यांना राहून गेलेली खंत

मार्गारेटबाईंच्या आयुष्यातली एक गोष्ट पालकांनी विशेष लक्षात घ्यावी. पेटंटचा खटला जिंकल्यानंतर, १८७२ साली, त्यांनी आपल्याविषयी लिहिले. आपण जे केले त्याचे आपल्याला आश्चर्य वाटत नाही, असे त्यांनी त्यात म्हटले. खंत त्यांना दुसरीच होती. मुलाला मिळते तशी संधी आपल्याला मिळाली असती आणि आपल्याला हा व्यवसाय लहानपणापासून रीतसर शिकवला गेला असता तर बरे झाले असते, असे त्यांना वाटे.

या खंतीमागची परिस्थिती अशी. ज्या बॉस्टनमध्ये त्यांचे लोखंडी यंत्र तयार झाले, त्याच शहरात तेव्हा मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही संस्था होती. तिथे पहिल्या विद्यार्थिनीला, एलेन स्वॉलो यांना, प्रवेश मिळाला तो १८७० साली, आणि तोही रसायनशास्त्रासाठी. मार्गारेटबाई तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या आणि आपल्या हक्कासाठी भांडत होत्या. त्यांच्या बालपणी तर अशा संस्थेचे दार मुलींना दिसणेही शक्य नव्हते. गरीब विधवेच्या मुलीला तर नाहीच.

आज आपल्या मुलींची परिस्थिती वेगळी आहे. विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून आपल्याच बेळगावात आहे. गावात इंजिनिअरिंगची कॉलेजे आहेत, डिप्लोमाची सोय आहे, आयटीआय आहे. कायद्याने आणि नियमाने दार उघडे आहे. मार्गारेटबाईंकडे कॉलेज नव्हते, पण चाकू, गिरमिट आणि लाकूड होते. आपल्या कितीतरी घरांत मुलींसाठी कॉलेज आहे, पण गिरमिट नाही. दहावीनंतर मुलीने अचानक इंजिनिअरिंगला जावे असे आपल्याला वाटते. पण तोपर्यंत पंधरा वर्षांत तिच्या हातात स्क्रू ड्रायव्हर एकदाही आलेला नसतो. भावाने बंद पडलेले घड्याळ उघडले तर घरी कौतुक होते आणि तिने उघडले तर हात कापेल म्हणून ते काढून घेतले जाते. मग ती या वाटेला लागली नाही की तिला आवडच नाही असा निष्कर्ष आपण काढतो. आवड हाताला लागते. हाताला काही दिलेच नाही तर ती लागणार कशी?

घरी काय करता येईल?

यासाठी महागडी खेळणी आणायची गरज नाही. आपल्या घरात पुरेसे साहित्य असते. शिवणयंत्र हे आपल्या घरातले उत्तम शिक्षक यंत्र आहे. आई किंवा आजी त्याला तेल घालते तेव्हा मुलीला शेजारी बसवा. पायाची हालचाल पट्ट्यावरून चाकाला आणि तिथून सुईला कशी पोहोचते ते तिला शोधू द्या. वरचा धागा आणि बॉबीनचा धागा एकमेकांत कसा अडकतो ते चाक हळूहळू फिरवून पाहू द्या. सायकलची साखळी निसटली तर ती बसवायचे काम मुलीला द्या. बंद पडलेले गजराचे घड्याळ, तुटलेले खेळणे, जुने कुलूप उघडून पाहू द्या. पुन्हा जोडता आले नाही तरी चालेल.

दिवाळीत आपल्याकडे गल्लोगल्ली किल्ले होतात. त्यात मुलींनी फक्त रांगोळी आणि मावळ्यांची मांडणी करायची असे ठरवू नका. बुरूज ढासळू नये म्हणून दगड कसे रचायचे, किल्ल्यावरच्या तळ्यातले पाणी नळीने खाली कसे आणायचे, हे त्यांना ठरवू द्या. आकाशकंदिलाच्या कामट्या तासायचे कामही त्यांच्याकडे सोपवा. मॅटीच्या पतंगातले आणि आपल्या आकाशकंदिलातले तंत्र जवळजवळ सारखेच आहे.

काळजी मात्र घ्यायला हवी. चाकू, करवत वापरताना मोठे माणूस जवळ असावे. भिंतीतल्या विजेच्या जोडणीवर मुलांनी प्रयोग करू नयेत. छोटा दिवा किंवा मोटर चालवून पाहायची तर टॉर्चच्या सेलवर पाहावी. मिक्सर, इस्त्री यांसारखी उपकरणे मुलांना उघडायला देऊ नयेत.

आणि एक वही ठेवा. आज काय केले, काय बिघडले, काय बदलले, हे तारखेसह लिहा आणि शेजारी आकृती काढा. चित्र सुंदर नसले तरी हरकत नाही, मापे बरोबर हवीत. मार्गारेटबाईंना त्यांचा हक्क मिळाला तो अशाच कागदांच्या आधारावर. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तयार प्रतिकृती विकत आणून मांडण्यापेक्षा अशी एक भरलेली वही आणि स्वतः केलेला, थोडा वाकडा का होईना, नमुना कितीतरी मोलाचा.

आपल्या शाळेचे विश्वस्त आणि माजी विद्यार्थी यांनाही एक विनंती करावीशी वाटते. आपल्यापैकी अनेकांचे उद्यमबागेत आणि मच्छे परिसरात कारखाने आहेत, अनेक जण तिथे नोकरी करतात. वर्षातून एकदा आठवी-नववीच्या मुलींना पॅटर्न, साचा आणि लेथ जवळून दाखवता आला, शाळेत हत्यारांचे एक कपाट ठेवता आले आणि त्याची किल्ली मुलींनाही मिळाली, तर मोठे काम होईल.

मैत्रिणींनो, या सुट्टीत वर सांगितलेली पिशवी नक्की करा. पहिली वाकडी होईल, दुसरी बरी होईल. तिसरी झाल्यावर मनाशी विचारा की हे काम यंत्राकडून करून घ्यायचे तर बोटांच्या जागी काय बसवावे लागेल? सुचेल ते वहीत काढा. तारीख घालायला विसरू नका.